तरुणपणी खुबा दुखतो तेव्हा



या पानांवर आपण नेहमी बेणे, खतांचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या आणि तोडणीचा कार्यक्रम यांविषयी वाचता. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे. वावरात ऊस कितीही जोमदार असला तरी तो उभा करणारा माणूस आपल्या दोन पायांवर उभा असला पाहिजे. म्हणून आज माणसाच्या खुब्याविषयी, आणि तेही तरुण माणसाच्या खुब्याविषयी लिहावयाचे आहे.

सिहोरा भागातल्या आपल्यापैकी पुष्कळांनी हे चित्र पाहिले असेल. वीस-पंचवीस वर्षांचा पोरगा. परवापर्यंत डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होता, रोवणीच्या दिवसात चिखलात वाकत होता, सांजेला कबड्डीच्या मैदानावर दिसत होता. आता एक पाय जपून टाकतो. "काय झालं गा?" म्हणून विचारावे तर म्हणतो, "काही नाही काका, जांघेत लचक भरली." घरात शेक देतात, तेल चोळतात. कोणी उतारा सांगतो, कोणी वाताची पुडी आणून देतो. चार दिवस बरे वाटते, पुन्हा दुखते. असे करता करता वर्ष निघून जाते आणि मोठ्या दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर म्हणतात, "आधी का नाही आलात?"

हा "आधी" म्हणजे नेमका केव्हा, आणि त्या वेळी आल्याने काय फरक पडतो, एवढेच या लेखात समजून घ्यावयाचे आहे.

सांधा कसा आहे?

शाळेच्या पुस्तकात आपण "उखळीचा सांधा" हे नाव वाचले आहे. खुब्याचा सांधा तसाच. कमरेच्या हाडात एक खोल वाटी आहे, तीच उखळी. मांडीच्या हाडाचे वरचे टोक गोल आहे, तो गोळा त्या वाटीत फिरतो. चालणे, वाकणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे, सायकलवर टांग टाकणे, ही सारी कामे या एका जोडावर चालतात.

गोळ्यावर आणि वाटीच्या आत एक गुळगुळीत, पांढुरके आवरण असते. त्याला कूर्चा म्हणतात. ते काही मिलीमीटरच जाड असते. पण निरोगी कूर्चा ओली असताना बर्फावर बर्फ घसरावा त्याहूनही सहज घसरते. आपल्या कारखान्यात मिलच्या बेअरिंगला सतत वंगण लागते हे आपण पाहतो. खुब्यात ते काम सांध्यातला चिकट द्रव करतो.

मात्र एक मोठा फरक आहे. हंगाम संपला की मिल उघडून झिजलेला भाग बदलता येतो. माणसाच्या सांध्याला तसा ऑफ-सीझन नाही. शिवाय कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. कातडी कापली तर रक्त येते, खपली धरते, जखम भरते. कूर्चा एकदा उखडली की तशीच भरून येत नाही. तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते. चालताना ती दाबली जाते, सुटते, आणि बोळा पाणी शोषून घेतो तसा द्रव आत घेते.

गोळा पोखरतो तो आतून

कूर्चा खराब होण्याची कारणे अनेक आहेत. अपघातात सांधा निखळणे, गोळा किंवा वाटी जन्मतः वेडीवाकडी असणे, जंतूंचा संसर्ग, खेळात वारंवार घासले जाणे ही काही. परंतु आपल्या विदर्भात, विशेषतः भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात, तरुण माणसाचा खुबा बिघडण्यामागे एक कारण कधीही विसरून चालणार नाही. ते म्हणजे सिकलसेल.

सिकल म्हणजे विळा. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात. शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली अशा पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. भारतात निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष १९५२ साली नोंदला गेला. आपल्या मध्य भारतातील सिकलसेलवर शुक्ल आणि सोळंकी या डॉक्टरांचा लेख १९५८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. म्हणजे ही काही काल-परवाची गोष्ट नाही.

आता हे रक्त आणि खुबा यांचा संबंध पहा. चांदपूर तलावाच्या कालव्यावर ज्यांचे वावर अगदी शेवटी आहे त्यांना वेगळे सांगायला नको. वर कुठे पाट तुंबला तर पहिली झळ टेलच्या बांधीला बसते. मांडीच्या हाडाच्या गोळ्याची अवस्था टेलच्या बांधीसारखी आहे. त्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या बारीक, त्या हाडाच्या मानेवरून खालून वर चढतात, आणि दुसरी वाट जवळजवळ नाही. पाटात पाचट अडकावे तशा वाकड्या पेशी या बारीक वाटांत अडकल्या की गोळ्याच्या आतले हाड रक्तावाचून मरते. डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात, म्हणजे रक्त न मिळाल्याने हाडाचा झालेला नाश.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. सुरुवातीला हाड मरते, पण वरची कूर्चा चांगलीच असते. कारण तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून चालू असते. गोळाही गोलच असतो. पुढे मेलेले हाड शरीर काढू लागते, त्या काळात ते पोकळ व कमजोर होते. त्यावर अंगाचा आणि मोळीचा भार पडत राहिला की एक दिवस आतले हाड खचते. खालची जमीन खचल्यावर वरचा गिलावा जसा तडकतो, तशी मग कूर्चा मुडपते, फाटते, सोलून निघते. गोळा चपटा होतो, वाटीला घासतो, आणि वाटीचीही कूर्चा जाते.

म्हणजे सांधा वाचवण्याचा खरा काळ हाड मेल्यापासून गोळा खचेपर्यंतचा. डॉक्टरांचा "आधी" तो हाच.

सिकलसेल नसला तरी

हा आजार सिकलसेल नसलेल्यांनाही होतो. खुब्याजवळचे हाड मोडले किंवा सांधा निखळला तर रक्तवाहिनी तुटते. दारूचे जास्त व्यसन हे दुसरे कारण. तिसरे स्टेरॉईड औषधे. कोविडच्या साथीत पुष्कळांना ती द्यावी लागली आणि त्यांनी प्राणही वाचले. पण २०२१ साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी चाळिशीच्या आतील तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. कोविडचे निदान झाल्यापासून सरासरी ५८ दिवसांत त्यांचे खुबे दुखू लागले होते. एरवी स्टेरॉईडनंतर हा त्रास दिसायला सहा महिने ते वर्ष लागते असे मानले जाई. लवकर तपासणी झाल्याने त्यांच्यावर गोळ्या-औषधांनी उपचार करता आले.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉईड मनाने बंद करू नये, ते धोक्याचे असते. आणि नाव-गाव नसलेली, "एका दिवसात वात काढणारी" पुडी कधीही घेऊ नये. अशा पुडीत स्टेरॉईड मिसळलेले असण्याचा धोका असतो. ती दुखणे दाबते आणि आत खुबा खाते.

ओळखावे कसे?

१) दुखणे बहुधा जांघेत असते. कधी कुल्ल्यात, कधी मांडीत उतरते. पुष्कळदा माणूस गुडघाच दाखवतो. गुडघ्याचा फोटो चांगला येतो आणि मूळ दुखणे राहून जाते. म्हणून तरुणाचा गुडघा दुखत असेल आणि गुडघ्यात काही सापडत नसेल तर खुबा तपासून घ्यावा.

२) मांडी घालून बसता येत नाही, उकिडवे बसताना पाय बाहेर फाकतो, जोडा घालताना पाय वर येत नाही, मोटारसायकलवर टांग टाकताना कळ येते.

३) आधी कामानंतर दुखते, मग चालताना, मग रात्री झोपेतही. चाल लंगडी होते.

४) हे दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त चालले तर ती लचक समजू नये. घरात कोणाला सिकलसेल असेल तर तेवढीही वाट पाहू नये. ताप असेल आणि पाय टेकवताच येत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सांध्यात किंवा हाडात पू झाला असण्याचा संभव असतो.

तपासणीत दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढतात, कारण हा आजार दोन्ही बाजूंना होऊ शकतो. परंतु अगदी सुरुवातीला एक्स-रे निर्दोष येतो. "फोटोत काही नाही" म्हणजे "आजार नाही" असे नव्हे. अशा वेळी एमआरआय ही तपासणी लागते. आतले मेलेले हाड तिच्यात लवकर दिसते.

शस्त्रक्रिया कोणत्या?

डॉक्टर या आजाराचे साधारण चार टप्पे मानतात. पहिल्यात एक्स-रे चांगला, दोष फक्त एमआरआयमध्ये. दुसऱ्यात एक्स-रेमध्ये बदल दिसतो, पण गोळा गोल. तिसऱ्यात गोळा खचू लागतो. चौथ्यात कूर्चा संपते आणि सांधा झिजतो. शस्त्रक्रिया टप्प्यावर ठरते, रुग्णाच्या आग्रहावर नाही.

पहिल्या दोन टप्प्यांत मांडीच्या हाडातून गोळ्यापर्यंत बारीक भोक पाडतात. आतला दाब कमी होतो, नव्या रक्तवाहिन्यांना वाट मिळते. काही ठिकाणी कमरेच्या हाडातला मगज काढून त्यातल्या पेशी तेथे सोडतात, किंवा हाडाचा तुकडा बसवतात. त्यानंतर काही आठवडे कुबड्या वापरून भार टाळावा लागतो. हा नियम मोडला तर शस्त्रक्रिया वाया जाते.

येथे खरे तेच सांगितले पाहिजे. हा उपाय सर्वांना लागू पडतोच असे नाही. सिकलसेलच्या रुग्णांत भोक पाडणे अधिक व्यायामोपचार आणि नुसता व्यायामोपचार यांची तुलना करून अमेरिकेतील डॉक्टरांनी २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन वर्षांनंतर दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. म्हणून भार कमी करणे आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम करणे हा काही दुय्यम उपाय नव्हे. तो शस्त्रक्रियेइतक्याच निष्ठेने करावा.

काही तरुणांत गोळ्याचा एकच भाग खचलेला असतो. तेव्हा मांडीचे हाड कापून गोळा असा फिरवतात की भार चांगल्या भागावर यावा. जपानमध्ये ही पद्धत विशेष विकसित झाली. निवडक रुग्णांनाच ती उपयोगी पडते.

कूर्चेची दुरुस्ती

आता फाटलेल्या कूर्चेविषयी. ज्यांचे हाड जिवंत आहे पण खेळात, अपघातात किंवा वेड्यावाकड्या गोळ्याच्या घर्षणाने कूर्चेचा लहानसा तुकडा गेला आहे, अशा तरुणांसाठी गेल्या काही दशकांत नवे उपाय निघाले आहेत.

एक म्हणजे उघड्या पडलेल्या हाडाला बारीक छिद्रे पाडणे. आतून रक्त येते, त्याची गाठ धरते आणि हळूहळू नवे आवरण तयार होते. अमेरिकेतील डॉ. रिचर्ड स्टेडमन यांनी ही रीत गुडघ्यासाठी रूढ केली. नवे आवरण मूळ कूर्चेइतके टिकाऊ नसते. कपड्याला ठिगळ लावल्यासारखे ते आहे.

दुसरी रीत रोप तयार करण्यासारखी. रुग्णाच्या कूर्चेचा छोटा नमुना घेऊन प्रयोगशाळेत पेशी वाढवतात आणि काही आठवड्यांनी त्या खड्ड्यात लावतात. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १९८७ साली गुडघ्यावर हे प्रथम करण्यात आले, आणि १९९४ साली २३ रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध झाले. पुढे ही रीत खुब्यासाठीही वापरली जाऊ लागली.

खुबा गुडघ्यापेक्षा खोल आहे. गोळा वाटीतून बाहेर काढल्याशिवाय आतले सारे दिसत नाही. आणि तो काढताना तीच बारीक रक्तवाहिनी तुटली तर? या भीतीने सर्जन मंडळी मागे सरत. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील डॉ. राइनहोल्ड गांझ यांनी त्या वाहिनीला धक्का न लावता गोळा बाहेर काढण्याची वाट बसवली. २००१ साली त्यांनी अशा २१३ खुब्यांचा अनुभव मांडला. त्यांपैकी एकाही गोळ्याचे रक्त तुटले नव्हते. आता पुष्कळ कामे दुर्बिणीने लहान छिद्रांतूनही होतात.

पण कूर्चेचे ठिगळ लावायचे तर खालचे हाड घट्ट व जिवंत हवे आणि बाकीचा सांधा चांगला हवा. खचलेल्या बांधावर माती लिंपून पाणी अडत नाही, तसेच हे. सिकलसेलने गोळा खचल्यावर नुसती कूर्चा दुरुस्त करून भागत नाही. म्हणून पुन्हा तेच सांगणे, की हाड वाचवा, कूर्चा आपोआप वाचेल.

सांधाच बदलावा लागला तर

चौथ्या टप्प्यात कृत्रिम सांधा बसवणे हा उपाय उरतो. त्याला घाबरून खाटेवर पडून राहू नये. इंग्लंडमधील डॉ. जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉनची वाटी वापरली, ती लवकर झिजली. हार न मानता १९६२ साली त्यांनी टणक पॉलिथिनची वाटी आणि धातूचा गोळा बसवला. आजच्या कृत्रिम सांध्याचा पाया तो. २०१९ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या आढाव्यानुसार शंभरातले सुमारे ५८ कृत्रिम खुबे २५ वर्षे टिकतात. मात्र ते आकडे बहुतांशी वयस्क लोकांचे आहेत. तरुण जास्त वापरतो आणि त्याला जगायचेही जास्त असते. त्यामुळे पुढे दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागू शकते, हे समजूनच निर्णय घ्यावा.

ब्रिटनचा टेनिसपटू अँडी मरे याच्या झिजलेल्या गोळ्यावर जानेवारी २०१९ मध्ये धातूचे टोपण बसवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने अँटवर्पची स्पर्धा जिंकली. अर्थात त्याचे हाड चांगले होते आणि त्याच्यामागे मोठी वैद्यकीय फळी होती. प्रत्येकाने असे खेळावे असे नाही, पण चालता-फिरता कमावता माणूस पुन्हा होता येते, एवढे यातून घ्यावे.

सिकलसेलच्या रुग्णाने कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी आपला आजार डॉक्टरांना स्पष्ट सांगावा. लाजू नये, लपवू नये. अशा रुग्णाला अगोदर रक्त द्यावे लागू शकते. अंगातले पाणी कमी होऊ न देणे, प्राणवायू देणे, अंग उबदार ठेवणे आणि जंतुसंसर्ग टाळणे याची विशेष काळजी घ्यावी लागते. म्हणून जेथे रक्तपेढी आणि रक्तविकाराचे जाणकार डॉक्टर आहेत तेथेच ही शस्त्रक्रिया करावी.

आपण काय करावे?

पहिले, रक्ताची सिकलसेल तपासणी करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात ती होते. १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या मध्य प्रदेशात शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. नागपूरचे संपत रामटेके यांनी या आजारासाठी आयुष्यभर झटून जागृती केली. २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. हा आजार कोणा एका जातीचा कलंक नव्हे, तो रक्तातून येतो.

दुसरे, लग्न जुळवताना पत्रिकेबरोबर रक्ताचा कागदही पहावा. आई-बाप दोघेही नुसते वाहक असतील तर त्यांना बहुधा काहीच त्रास नसतो. पण प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याचा संभव चारात एक असतो.

तिसरे, आजार असलेल्याने भरपूर पाणी प्यावे, उन्हातान्हात व कडाक्याच्या थंडीत अंग जपावे. डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया दिले असेल तर ते नियमित घ्यावे आणि रक्त तपासत रहावे. खुबा दुखू लागला तर मोळी उचलणे त्याच दिवशी थांबवावे. घरच्यांनी त्याला कामचोर म्हणू नये.

चौथे, पैशासाठी उपचार लांबवू नये. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. त्याचे प्रमाणपत्र मिळू शकते का, याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी.

बंधूंनो, उसाचे पान पिवळे पडले तर आपण लगेच शेतकी विभागाच्या माणसाला बांधावर आणतो. खोडकिडीची एक सुकलेली पोंग दिसली तरी आपल्याला झोप येत नाही. घरातला पोरगा महिनाभर लंगडतो तेव्हा मात्र "जवान आहे, होईल बरा" म्हणून सोडून देतो. या हंगामात असा कोणी दिसला तर त्याला पुडी देऊ नका. एक दिवसाची मजुरी बुडू द्या, त्याला गाडीवर बसवा आणि दवाखान्यात न्या. गोळा अजून गोल असेल तर पुढची पुष्कळ वर्षे त्याच पायाने तो आपल्या वावरात उभा राहील.